भोजनपत्रिकेचें वाङ्मय

मासिकांच्या परीक्षण-विभागांत ग्रंथ येतात, नाटकें येतात, क्वचित् एखादा चित्रपटहि येतो; उपाहारगृहाची भोजनपत्रिका परीक्षणासाठीं आल्याचें मात्र माझ्या पाहण्यांत नाहीं. तरी तीहि वाङ्मयाचाच एक प्रकार आहे. ती लिहिणारा कोणी तरी असतो. तिला भाषा असते, अलंकार असतात. सांगावयाचें काय आणि झांकावयाचें काय याची निवड तिच्यांतहि असते. वाचकावर तिचा परिणाम तर कोणत्याहि कादंबरीहून त्वरित होतो, कारण जें वाचलें तें त्याला तेथेंच बसून गिळावें लागतें. गेल्या पावसाळ्यांत अशी एक पत्रिका माझ्या हातीं आली. तिच्याविषयीं चार शब्द लिहावेत असें तेव्हांपासून मनांत आहे.

मी राहातों अंबाजोगाईस. मुकुंदराजांची समाधि ज्या गांवाजवळच्या डोंगरकपारींत आहे आणि दासोपंतांची लांबलचक पासोडी ज्या गांवांत लिहिली गेली, त्या गांवच्या माणसाला लिहिलेल्या वस्तूविषयीं उपजतच थोडा आदर असतो. मग ती कापडावर लिहिलेली असो, वा कातडी पुठ्ठ्यांत बांधलेली असो. खाण्यापिण्याच्या बाबतींत आमचा बीड जिल्हा साधा आहे. ज्वारीची भाकरी, पिठलें, शेंगदाण्याची चटणी, सणावारीं पुरण, आणि ज्यांच्या घरीं चालतें त्यांच्याकडे रविवारीं मटणाचा लालभडक रस्सा. बाहेर जेवावयाचें तर खानावळ, ढाबा किंवा बिर्याणीचें दुकान. स्टेक-हाऊस म्हणून जें कांहीं असतें तें पाहावयास मला मुंबई गांठावी लागली, आणि तीहि स्वतःच्या पैशानें नव्हे. माझ्या भाच्याला नोकरींत बढती मिळाली होती. तो म्हणाला, "मामा, आयुष्यभर तुम्ही पुस्तकांतल्या चुका काढल्यात. एकदा माझ्याबरोबर जेवायला चला, आणि तिथं काढून दाखवा." असें आव्हान कोणता परीक्षक नाकारील?

दक्षिण मुंबईंतील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तें उपाहारगृह आहे. त्याचें नांव देत नाहीं. परीक्षण एका घराचें असलें तरी स्वभाव सबंध घराण्याचा आहे. आंत शिरल्यावर प्रथम डोळ्यांना अंधाराची सवय करून घ्यावी लागते. दिवे इतके मंद कीं पत्रिका वाचण्यासाठीं भाच्यानें आपल्या फोनचा उजेड धरला. (हा पहिला दोष. जें वाचावयास द्यावयाचें तें वाचतां येऊं नये अशी तजवीज कशासाठीं?) भिंतीशीं कांचेचें एक थंड कपाट होतें, आणि त्यांत मांसाचे मोठाले तुकडे जवाहिऱ्याच्या दुकानांतील दागिन्यांसारखे उजेडांत मांडून ठेवले होते. तेवढा उजेड मात्र भरपूर. बसल्यावर एक लांकडी पेटी पुढें आली. तिच्यांत सहा सुऱ्या होत्या, आणि ज्यानें त्यानें आपली सुरी निवडावी असें सांगण्यांत आलें. भाचेसून मांस खात नाहीं. तिनेंहि सुरी निवडली आणि अळंबीचा पदार्थ मागविला.

स्टेक हा शब्द इंग्रजींत जुन्या नॉर्स भाषेंतून आला. सळईला टोंचून भाजणें या अर्थाशीं त्याचें मूळचें नातें. लंडनमध्यें १७३५ सालीं केवळ गोमांसाचा स्टेक खाण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली होती. नट, चित्रकार आणि सरदार तिच्यांत एका मेजावर बसत. पुढें एकोणिसाव्या शतकांत न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको या उपाहारगृहासारख्यांनीं या पदार्थाला श्रीमंती पोशाख चढविला. परंतु मुळांत पदार्थ आडदांड: आग, मीठ आणि मांस. त्यांत झांकण्यासारखें कांहींच नाहीं, आणि हाच त्याचा गुण.

आतां पत्रिकेकडे वळूं. ती सर्वस्वी इंग्रजींत आहे, त्याबद्दल तक्रार नाहीं. पदार्थच त्या मुलखाचा. वर्णनशैली समृद्ध आहे. मीठ कोणत्या पर्वतराजींतलें तें सांगितलें आहे. मिरी मलबारची. चीज कोणत्या गांवीं झालें, अळंबी किती उंचीवर वाढली, बटाटा कोणत्या लोण्यांत घोटला, कोळसा कोणत्या लांकडाचा, हें सर्व विस्तारानें दिलें आहे. मांस किती दिवस मुरविलें तो आंकडा तर ठळक टाइपांत आहे. आणि ज्या पदार्थासाठीं हें घर उभें राहिलें त्यापाशीं येतांच लेखकाची लेखणी एकाएकीं मितभाषी होते: टेंडरलॉइन, २०० ग्रॅम. बस्स. टेंडरलॉइन म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ स्नायु. स्नायु कळला, प्राणी कोणता तें कळलें नाहीं. मिठाला कुळ आहे, गोत्र आहे. पशूला नांव देखील नाहीं. विशेषणें सगळीं हजर, विशेष्य तेवढें गैरहजर, असें गद्य एखाद्या नवशिक्या लेखकानें लिहिलें असतें तर आपण त्याला परत पाठविलें असतें.

मीं वाढप्यास विचारलें. तरुण मुलगा, अंगांत काळा सदरा, इंग्रजी सफाईदार. तो प्रथम म्हणाला कीं मांस अत्यंत कोंवळें आहे. कोणाचें, असें मीं पुन्हां विचारलें. "बफ, सर." मीं मराठींत म्हटलें, "म्हणजे म्हशीचं?" तेव्हां तो किंचित् वांकला, शेजारच्या मेजाकडे एकवार पाहिलें, आणि थेट आमच्याकडच्या हेलांत हळूच म्हणाला, "मोठ्याचंच आहे, काका."

पुण्यामुंबईच्या वाचकांपैकीं कांहींना हा शब्दप्रयोग अपरिचित असेल. आमच्या भागांत शेळी-बकऱ्याचें मांस तें लहान, आणि गाय, बैल, म्हैस यांचें तें मोठें. दख्खनी बोलींतील 'बडे का' याचा हा मराठी भाऊ. म्हणजे झांकण्याचा मक्ता कांहीं एकट्या इंग्रजी पत्रिकेकडे नाहीं. खुद्द इंग्रजींत गोठ्यांतल्या पशूचें नांव एक आणि ताटांतल्या मांसाचें दुसरें: पहिलें जनावर राखणाऱ्या सॅक्सन गड्याचें, दुसरें तें खाणाऱ्या नॉर्मन धन्याचें. वॉल्टर स्कॉटनें १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो'ंत डुकरें राखणारा गडी आणि विदूषक यांच्या संभाषणांत हीच गंमत केली आहे. परंतु झांकण्याझांकण्यांत फरक आहे. 'मोठ्याचें' या शब्दानें बोलणारा आणि ऐकणारा दोघेहि फसत नाहींत. तो दोघांमधला समजुतीचा पडदा असतो. पत्रिकेचें मौन एकतर्फी आहे.

या मौनाचें एक कारण कायद्यांत दिसेल. महाराष्ट्रांत गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा. बैल आणि वळू यांना ती बंदी लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळानें १९९५ सालीं संमत केली. तिला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली २०१५ सालीं. मुंबई उच्च न्यायालयानें ६ मे २०१६ च्या निकालांत बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यांत कापलेल्या जनावराचें मांस जवळ बाळगणें हा गुन्हा ठरविणारें कलम रद्द केलें. म्हशीला ही बंदी नाहीं, म्हणून आज मुंबईंतील स्टेक बहुधा म्हशीचा असतो. कायद्याचे गुणदोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. मांसाच्या नुसत्या संशयावरून माणूस मारला गेल्याचें उदाहरण २०१५ सालीं दादरीजवळ घडलें आहे. तेव्हां त्या मुलाचा आवाज बारीक कां झाला हें समजूं शकतें. परंतु जें विकण्यास कायद्याची आडकाठी नाहीं तें छापण्यास पत्रिकेला भय कोणतें? माझ्या मतें भय गिऱ्हाइकाच्या कल्पनाशक्तीचें आहे. 'म्हैस' म्हटलें कीं गोठा, डबकें आणि शेणाची पाटी डोळ्यांपुढें उभी राहाते, आणि मग अडीच हजार रुपयांच्या आंकड्याकडे दृष्टि जाते.

मला स्वतःला ती म्हैस दिसल्यावांचून राहिली नाहीं, कारण आमच्या जिल्ह्यांत जनावर निनावी नसतें. बैलाला सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या अशीं नांवें असतात, आणि त्यावर पुन्हां त्याची जात असते: लाल कंधारी, देवणी. नेकनूरच्या बाजारांत घेणारा दांत मोजतो, खूर उचलून पाहातो, शेपटीचा गोंडा हातीं घेतो आणि मालकाला त्याच्या खोडी विचारतो. एवढी चौकशी सोयरिकींतहि होत नाहीं. ऊसतोडीला जाणारें कुटुंब दिवाळीच्या आगेंमागें बैलगाडींत संसार भरून पश्चिमेकडे व कर्नाटकांत निघतें, तेव्हां त्या सहा महिन्यांची भाकरी त्याच दोन जनावरांच्या मानेवर असते. २०१९ च्या दुष्काळांत चारा-छावण्या उघडल्या गेल्या, त्यांत बीड जिल्हा अग्रभागीं होता. पाणी आणि कडबा छावणींत मिळे म्हणून माणसेंहि घरदार सोडून जनावरांपाशींच राहावयास गेलीं. त्याच वर्षीं शिरूर कासार तालुक्यांतील दहिवंडीच्या शब्बीर सय्यद यांना गुरें सांभाळल्याबद्दल पद्मश्री मिळाली. त्यांचें घराणें मूळचें खाटिकाचें. हा मनुष्य आणि ती पत्रिका एकाच राज्यांत आहेत याचें मला राहून राहून नवल वाटतें.

आतां पाकाविषयीं. येथें मोकळ्या मनानें स्तुति केली पाहिजे. भाच्यानें आपला तुकडा मध्यम भाजावयास सांगितला, मीं पुरता. वाढप्यानें सौम्यपणें सुचविलें कीं पुरता भाजल्यास तो चिवट होईल. मीं ऐकलें नाहीं. चिरल्यावर आंतून जो तांबडा रस येतो तें रक्त नव्हे, स्नायूंतील मायोग्लोबिन नांवाचें प्रथिन त्याला रंग देतें, हें मला ठाऊक होतें. परंतु ठाऊक असणें आणि घशाखालीं उतरणें यांत अंतर आहे. रश्शांत तासभर रटरटलेल्या मटणावर वाढलेला माझा पिंड. म्हशीच्या मांसांत तंतूंच्या मधली चरबी थोडी. अधिक आंच लागली कीं तें आक्रसतें आणि दोरासारखें होतें. माझें तसें झालें, आणि तो दोष पूर्णपणें माझा. भाच्यानें आपल्या ताटांतला एक काप माझ्याकडे सरकविला. तो मात्र अप्रतिम होता. बाहेरून काळसर, करकरीत कवच. आंत ओलावा आणि मीठ यांखेरीज कांहीं नाहीं. या कवचाच्या रसायनाचा उलगडा माय्यार नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं आरंभिला. आमच्याकडे त्याला 'खमंग' हा एकच शब्द पुरतो, आणि भाकरीच्या डागांत व भाजलेल्या शेंगदाण्यांतहि तीच किमया आहे. त्या तुकड्यावर मिरीचा जो दाट सायीचा रस्सा ओतला होता तो मात्र अनावश्यक. ज्या स्वयंपाक्याचा हात इतका नेमका आहे त्याला पांघरुणाची गरज कां वाटावी? बटाट्याच्या लगद्यांत लोणी इतकें कीं बटाटा शोधावा लागला.

जेवतां जेवतां दृष्टि पुन्हां पुन्हां त्या कांचेच्या कपाटाकडे जात होती, आणि मला एका पुस्तकाची आठवण होत होती. शाहू पाटोळे यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक २०१५ सालीं, म्हणजे वरील कायदा अमलांत आला त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. २०२४ सालीं भूषण कोरगांवकर यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. पाटोळे आमच्या शेजारच्या धाराशिव, तेव्हांच्या उस्मानाबाद, जिल्ह्याचे. मराठवाड्यांतील महार आणि मांग या समाजांच्या चुलीवर काय शिजत होतें याची ती नोंद आहे. आमच्या घरीं कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' (१९७०) होती, आणि मराठी माणसाचें सर्व जेवण तिच्यांत आलें अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पाटोळ्यांच्या पाककृतींत तेल, तूप, दूध यांची जी उणीव आहे, तीच त्यांतील मुख्य वस्तु आहे असें म्हटलें तरी चालेल. त्यांत चान्या आहेत. मोठ्या जनावराचें मांस एका दिवसांत संपत नाहीं. तेव्हां त्याचे लांब पट्टे कापून उन्हांत वाळवून ठेवावयाचे आणि पुढें अडीअडचणीला काढावयाचे, त्या चान्या. मांस राखून ठेवण्याचे हे दोन प्रकार. एक थंड कांचेच्या कपाटांत, दिवसांचा आंकडा ठळक टाइपांत. दुसरा वाड्यावरच्या दोरीवर, कावळे हांकीत. पहिल्याचा दर दिवसागणिक वाढतो. दुसऱ्याला मराठी कोशकारानें आणि पाकशास्त्रकारानें किती ओळी दिल्या, तें ज्याचें त्यानें काढून पाहावें.

हें लिहितांना माझी बाजू स्वच्छ नाहीं. चौथींत असतांना माझ्या वर्गांत एक मुलगा होता. पाढे त्याचे सर्वांत चांगले. एके दिवशीं मधल्या सुटींत त्यानें फडकें सोडलें. भाकरी होती आणि तिच्यावर भाजलेले दोन काळे वाळके तुकडे. कोणी तरी ओरडला. आम्हीं सगळ्यांनीं आपापलीं फडकीं उचललीं आणि पारावरून उठून दुसऱ्या बाजूला गेलों. मीहि गेलों. तो तेथेंच बसून जेवला. पुढें तो सुटींत घरीं जाऊं लागला, आणि दिवाळीनंतर शाळेंत आला नाहीं. त्या तुकड्यांना नांव आहे, तें माणसाच्या जिभेवरचें नांव आहे, हें मला पाटोळ्यांचें पुस्तक वाचीपर्यंत कळलें नव्हतें.

तरी चान्यांना आज काव्य चढविणेंहि बरें नव्हे. मेलेल्या जनावराचें मांस सोडा, असें आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडास सांगितलें, आणि असंख्य घरांनीं तें ऐकलें. त्या सोडण्यांत त्यांचा मान होता. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनीं पुढें १९४८ सालच्या इंग्रजी ग्रंथांत सविस्तर मांडला. ज्यांनीं मानासाठीं एक चव टाकली त्यांच्यापुढें तीच चव नव्या बशींत, नव्या नांवानें, अवाच्या किंमतीला मिरविली जाते, हें दृश्य मला त्या मंद उजेडांतहि नीट दिसत होतें. पाटोळ्यांच्या पुस्तकाचें मोठेपण यांतच आहे कीं तें या अन्नाची लाजहि बाळगीत नाहीं आणि आरतीहि ओवाळीत नाहीं. काय होतें, कसें करीत, कोणी खाल्लें, एवढें तें नांवानिशीं सांगतें. पुस्तकांत विषय कांहीं ठिकाणीं पसरतो, हें खरें. पण ज्याला प्रथमच बोलावयास मिळालें तो थोडें अधिक बोलणारच.

शेजारच्या मेजावर चौघे जण आपापल्या ताटांचीं छायाचित्रें घेत होते. बाहेर काय खाल्लें याला मराठी समाजांत मोठा इतिहास आहे. १८४९ सालीं स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्यासाठीं गुप्तपणें पाव खात. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं जे चहाला गेले त्यांची यादी वर्तमानपत्रांत छापली गेली, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांसहि त्याचें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. आज मनुष्य आपली यादी आपणच छापतो. भाच्यानेंहि आपल्या ताटाचें एक सुरेख छायाचित्र घेऊन घरच्या मंडळींना फोनवरून पाठविलें. पांच मिनिटांत अंबाजोगाईहून त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, प्रश्न आला: "छान दिसतंय. कशाचं आहे रे?"

भाच्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि लिहिलें, "मशरूमचं, आई."

भाचेसुनेला हसूं आलें. मी त्याचा मामा. ताईला पुढें घरीं गेल्यावर तिनें मलाहि तेंच विचारलें, आणि मीहि अळंबीच सांगितली. पत्रिकेच्या लेखकाला जो दोष मीं वर दिला आहे तो या बेतानें वाचावा.

बाकी पत्रिकेचा कागद जाड आणि गुळगुळीत आहे, टाइप सुबक आहे, मुद्रणदोष दोनच आढळले. बांधणी उत्तम प्रतीच्या तपकिरी कातड्याची. कातडें कशाचें, तें लिहिलेलें नाहीं.